आतून विणलेली कणगी

कणगी आतून विणायची, ही आबांची रीत. बाकीचे विणकर बाहेर बसतात आणि कणगी समोर फिरवत फिरवत वर नेतात. आबा बुडाच्या मधोमध मांडी ठोकून बसत आणि भिंत स्वतःभोवती चढवत. धान्य आत राहतं तर गुळगुळीत बाजू आत पाहिजे, एवढं साधं त्यांचं म्हणणं. भिंत त्यांच्या खांद्याला यायची, मग नुसतं टक्कल दिसायचं, मग तेही बुडायचं आणि आतून आवाज यायचा, "पट्टी." बाहेरून कुणीतरी बांबूची ओली पट्टी आत सोडायची. बाहेर यायचं म्हणजे आत एक शिडी, बाहेर एक शिडी आणि दोन्ही धरायला माणूस, एवढा खटाटोप. म्हणून आबा एकदा आत उतरले की जेवणाच्या वेळेलाच वर यायचे, घामानं निथळत, अंगाला भुसा चिकटलेला, नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिलासारखे.

सून बाळंतपण उरकून चार महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेराहून परत आली, तेव्हा घरात लगीनघाई उसळली होती. अंगणात हिरवे बांबू रचलेले, हौदात पट्ट्या भिजत घातलेल्या, उंबऱ्यापर्यंत सालींचा ढीग. सासूबाई कमरेला पदर खोचून दोन्ही हातांनी काम करत होत्या आणि तोंडानं तिसरं. बियाणेवाल्यानं आठ कणग्या सांगितल्या होत्या. त्याच्या पत्र्याच्या कोठ्यांना आतून घाम सुटायचा आणि गेल्या साली सगळं बी बुरशीनं गेलं. मग कुणाच्या तरी घरात त्याला आबांच्या हातची तीस वर्षांची कणगी दिसली, अजून टणक, आतलं धान्य कोरडं ठणठणीत. तो तडक दारात येऊन उभा राहिला. कापणीच्या आत आठ पाहिजेत, म्हणाला.

प्लॅस्टिकची पिंपं आल्यापासून या घरानं सुपांवर आणि टोपल्यांवर दिवस काढले होते. त्यामुळे सासूबाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. वाटेनं जाणाऱ्या कुणीही नुसतं "काय चाललंय?" विचारलं, तरी त्या सांगायच्या, "आठ. पुरुषभर उंचीच्या."

सुनेच्या अंगातही ती घाई भिनली. ती बी.एस्सी. झालेली, लेक पोटाशी बांधून पट्ट्या मोजून आत सोडायला लागली. तिच्याकडे एक वही होती. लेकीनं किती वाजता दूध घेतलं, किती झोपली, शी केव्हा केली, कशी केली, सगळं त्यात. पहिलंच मूल, जरा शिंकलं तरी हिच्या काळजात धस्स व्हायचं. सासूबाईंनी वहीवरून तिचं नाव मास्तरीणबाई पाडलं होतं. "आम्ही तीन वाढवली," त्या म्हणायच्या, "कुणाच्या शीची हजेरी नाही मांडली."

आबांनी मात्र नातीला पाहून काहीच केलं नाही. दुसऱ्या कणगीच्या काठावरून डोकं काढून त्यांनी त्या गाठोड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही कुणाची?"

सगळे हसले. आबा थट्टेखोर होतेच. सूनही हसली, पण हसता हसता तिची नजर त्यांच्या सदऱ्यावर गेली. सदरा उलटा होता, शिवण बाहेर.

पुढच्या आठवड्यात अशा बारीकसारीक गोष्टी साचत गेल्या. रात्री आबा टक्क जागे, अंगणात येरझाऱ्या घालतात, अशी सासूबाईंची तक्रार. दिवसा मात्र कणगीत बसल्या बसल्या डोळा लागायचा, आणि आतून "पट्टी" ऐवजी घोरणं ऐकू यायचं. एकदा त्यांनी कोयता धार लावून आणला आणि पिण्याच्या पाण्याच्या घागरीत उभा बुडवून ठेवला, जणू तीच त्याची जागा. एकदा जेवताना वाटीतलं पाणी भातावर ओतलं आणि ते कालवत राहिले. सासूबाई म्हणायच्या, घाईचं काम आहे, साठी उलटली, माणूस भंजाळतो. आणि त्या भराभर घागर धुवायच्या, ताट बदलायच्या, सदरा सुलटा करायच्या. वीण चुकलेली दिसली तर गुपचूप पट्टी उसवून दाबून बसवायच्या.

सुनेला भंजाळणं पटत नव्हतं. तिला हातांचं कोडं पडलं होतं. आबा पट्टी घ्यायला काठावरून हात वर करायचे, तेव्हा पंजा मनगटातून एकदम गळायचा आणि पुन्हा वर यायचा, गळायचा, वर यायचा. पंख फडफडावा तसा. थंडीनं किंवा म्हातारपणानं हात थरथरतो, तो असा नव्हे. पकड एक क्षण जायची आणि परत यायची. आणि जवळ गेलं की त्यांच्या श्वासाला एक शिळा, गोडसर वास यायचा, फळ नासल्यासारखा.

तो वास तिच्या नवऱ्यालाही आला. नवरा टेम्पो चालवायचा, बांबू आणणं-नेणं त्याच्याकडे. त्याचा चेहराच उतरला. नऊ वर्षांपूर्वी आबांचं पोट पाण्यानं भरून टम्म फुगलं होतं. यकृताचा दगड झालाय, आता एक थेंब घेतलात तर सरळ वरची वाट, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं होतं. त्या दिवसापासून आबांनी थेंब घेतला नव्हता. आता नवऱ्यानं बांबूंचा ढीग उपसला, हौदामागं पाहिलं, पडवीतल्या जुन्या टोपल्या उलट्या करून पाहिल्या. बाटली मिळाली नाही. मिळाली नाही म्हणून त्याचा संशय दुप्पट झाला.

तिसरी कणगी संपत आली त्या दिवशी बियाणेवाला काम बघायला आला. आबा शिडीवरून उतरताना पायरी चुकले आणि त्याच्याच अंगावर कोसळले. बियाणेवाल्यानं सावरून धरलं, नाक आक्रसलं आणि मान वळवली. ते नाक आक्रसणं नवऱ्याला झोंबलं. तो तरातरा पुढं आला, बापाची हनुवटी धरली आणि म्हणाला, "तोंड उघडा."

आबांनी तोंड उघडलं. लहान मूल दात दाखवतं तसं, निमूट, मोठं. मुलानं वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. बियाणेवाला, सासूबाई, सून, सगळ्यांच्या समोर. आबांनी तोंड तसंच उघडं ठेवलं, मिटायचं कुणी सांगितलं नव्हतं म्हणून.

सुनेचे डोळे भरून आले, पण त्यापेक्षा जास्त तिला भीती वाटली. हे आबा नव्हेत. आबांनी मुलाच्या कानफटात ठेवून दिली असती, आणि वर बियाणेवाल्याला सुनावलं असतं की नाक मुरडायचं तर पत्र्याच्या कोठीत जाऊन मुरड. ते चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

बियाणेवाला गेल्यावर नवरा तिला म्हणाला की आता उपाय एकच, यांना कोंडून ठेवायचं. ती म्हणाली, दारू प्यायलेला माणूस संध्याकाळी झिंगतो आणि सकाळी उतरतो. हे सकाळीच जास्त गुंगलेले असतात. नवरा म्हणाला, तुझ्या कॉलेजात हेही शिकवतात वाटतं. विषय तिथंच तुटला.

दोन दिवसांनी, भर दुपारी, ती लेकीला पाजायला कणग्यांच्या सावलीत बसली. तीन तयार कणग्या ओळीनं उभ्या, चौथीत आबा. नवरा बांबू आणायला गेलेला, सासूबाई हौदाशी. लेक दूध पिता पिता झोपेला आली आणि सुनेची नजर उगाच समोरच्या विणीवर फिरू लागली.

आबांची वीण ठरलेली. दोन वर, दोन खाली, आणि पुढच्या फेरीला एक घर सरकायचं. त्यानं भिंतीवर तिरक्या रेघा उमटतात, मुंग्यांच्या रांगेसारख्या, बुडापासून काठापर्यंत न तुटता. पहिल्या कणगीवर त्या तशाच होत्या. तिनं एक रेघ धरली आणि नजरेनं काठापर्यंत नेली. कुठं खोट नाही.

दुसऱ्या कणगीवर रेघ कमरेपर्यंत आली आणि तुटली. थोडी पुढं पुन्हा लागली, पुन्हा तुटली. काठाजवळ रेघच नव्हती.

तिसरीवर सुरुवातीपासून गोंधळ. तीन वर, एक खाली. पुढं एका जागी सलग पाच वर. एका फेरीत पट्टी उलट दिशेनं गेलेली.

सून ताठ बसली. कणगी खालून वर विणली जाते. म्हणजे बूड ही जुनी तारीख आणि काठ ही नवी. तिच्या वहीत लेकीच्या दिवसांच्या ओळी होत्या, तशा या भिंतींवर आबांच्या दिवसांच्या. आणि त्या सांगत होत्या की हे वयानं झालेलं नाही. वय असं कमरेशी येऊन अचानक तुटत नाही. दुसरी कणगी सुरू झाली, त्या दिवसांत काहीतरी घडलं होतं.

परीक्षेत अडलेलं गणित सुटताना होतं तसं तिला झालं. लेकीला खांद्यावर टाकून ती हौदाशी गेली आणि सासूबाईंना विचारलं, दुसरी कणगी कधी सुरू केली, त्या दिवशी काय काय झालं, आबा काय जेवले, काही नवीन गोळी दिली का.

सासूबाई आधी चेष्टेवर गेल्या, आता सासऱ्याचीही हजेरी मांडणार का म्हणून. मग म्हणाल्या, नवीन काही नाही. पहिल्या कणगीला पाच दिवस लागले, सारखं वर-खाली, वर-खाली. दुसरी मात्र तीन दिवसांत. झरझर.

"सारखं वर-खाली का?"

"अगं, ते पोट साफ व्हायचं गोड औषध. दिवसातून तीन-तीनदा उठायचे. शिडी धरा, उतरवा, पुन्हा चढवा. विणायचं कधी? त्या बियाणेवाल्यापुढं उठून गेले एकदा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोट तर साफ होतं त्यांचं. मग कशाला पाजायचं? काढून ठेवलं मी."

"केव्हा?"

सासूबाईंचे हात पाण्यात थांबले. "दुसरीचं बूड घातलं त्या दिवशी."

सून धावतच घरात गेली. फडताळात डब्यांच्या मागं बाटली सापडली. अर्धं औषध संपलेलं, अर्धं तसंच. खाली घडी घातलेला दवाखान्याचा कागद. ती माहेरी असताना आबांची तपासणी झाली होती, तेव्हाचा. तिनं तो उलगडला. औषधाच्या नावापुढं लिहिलं होतं: रोज, न चुकता, दोन ते तीन वेळा मऊ शौचास होईल इतके. आणि खाली, दोनदा अधोरेखित करून: दिवसा झोप, बोलण्यात गोंधळ, हात फडफडणे, ताबडतोब घेऊन यावे.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. अधोरेखित अक्षरांत कुणीतरी तिच्या घरातला आठवडाच लिहून ठेवला होता. अंगावर काटा आला आणि त्याच वेळी असा आनंदही झाला की ओरडावंसं वाटलं. दारू नाही. वेड नाही. म्हातारपण नाही. याला नाव आहे, याला औषध आहे, आणि ते औषध तिच्या हातात आहे.

तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. बांबू आहेत तिथं उतरव आणि रिकामा टेम्पो घेऊन ये, आबांना आत्ता दवाखान्यात न्यायचंय, कारण नंतर सांगते, एवढं एका दमात म्हणाली. तिचा आवाज ऐकून त्यानं कारण विचारलं नाही.

मग ती अंगणात आली आणि तिला जाणवलं की चौथ्या कणगीतून बराच वेळ काही आवाज नाही. घोरण्याचासुद्धा.

लेक सासूबाईंकडे देऊन ती शिडीवर चढली. आबा तळाशी भिंतीला टेकून बसले होते. डोळे अर्धे उघडे, हातात पट्टी, तोंडाच्या कडेनं लाळ. तिनं हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला नुसतं "हं" आलं, फार लांबून. पट्टी खाली सोडून तिनं त्यांच्या गालाला टोचली. मान वळली नाही.

बाहेर कसं काढायचं? भिंत तिच्या डोक्याएवढी झालेली. दोन बायकांनी जड माणूस काठावरून उचलणं अशक्य. कणगी आडवी करावी तर बूड जमिनीत ठोकलेल्या चार खुंट्यांना बांधलेलं, आणि आत डोकं आपटलं तर घात. सुनेनं शिडीवरून अंगणात उडी मारली, कोयता उचलला आणि दोन उभ्या कामट्यांच्या मध्ये पातं घातलं.

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "कणगी आहे ती."

"आई, आत आबा आहेत."

सासूबाईंनी मनगट सोडलं. मग त्यांनी लेकीला सालींच्या मऊ ढिगावर ठेवलं, दुसरा कोयता घेतला आणि त्या दुसऱ्या बाजूनं भिडल्या. हिरवा बांबू एका घावात तुटत नाही, आणि आत आबा असल्यामुळे आतल्या दिशेनं घाव घालायची सोय नव्हती. पातं विणीखाली सरकवायचं आणि आपल्याकडे ओढायचं. पट्ट्या तडातड तुटू लागल्या, टोकं हातांना ओरबाडू लागली. सुनेच्या दोन होईपर्यंत सासूबाईंच्या पाच होत होत्या. जन्मभर बांबू सोललेले हात ते. त्या रडत होत्या की दम लागला होता, कळत नव्हतं. लेक ढिगावर जागी होऊन ठणाणा करत होती.

दारभर भोक पडलं, तेव्हा टेम्पो अंगणात शिरला. नवऱ्यानं चिरफाळलेली कणगी पाहिली, आत बसलेला बाप पाहिला आणि तो टेम्पोतून उडी मारून धावला. तिघांनी मिळून आबांना ओढून चटईवर घेतलं. सासूबाई त्या गोड औषधाचं झाकण काढून त्यांच्या तोंडाशी नेऊ लागल्या. आता पाजते, बाटलीभर पाजते, म्हणाल्या. सुनेनं बाटली काढून घेतली. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, छातीत जाईल. एका कुशीवर निजवून चटईसकट टेम्पोत घेतलं. बाटली आणि कागद तिनं लेकीच्या दुपट्यात खोवले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, सुनेपेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठ्या. त्यांनी आबांचे डोळे पाहिले, पोट दाबलं, श्वासाचा वास घेतला आणि कागद हातात येण्याआधीच नर्सला सांगायला सुरुवात केली. मग काय काय झालं विचारलं. सुनेनं कणग्यांचंच सांगितलं. पहिलीच्या रेघा, दुसरीची कंबर, तिसरीतले पाच वर. नवरा ओशाळून तिला गप्प करू पाहत होता. पण डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं.

"मेंदू किती गुंगलाय ते बघायला आम्ही कागदावरचे विखुरलेले आकडे ओळीनं जोडायला देतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी ती परीक्षा रोजच चालली होती की."

तेच औषध त्यांनी खालच्या मार्गानं दिलं, नाकातून नळीनंही दिलं. मग तिघांना व्हरांड्यात बसवून समजावलं. आतड्यात अन्न मुरताना एक विषारी वायू तयार होतो, तुमच्या-माझ्याही पोटात होतो. यकृत धडधाकट असलं की ते तो अडवतं. यांचं यकृत झिजलेलं. चाळणी बुजली की सगळं रक्तातून मेंदूत जातं. मग मेंदू गुंगतो, झोपेची वेळ उलटते, हात गळतात, माणूस आपलाच सदरा ओळखत नाही. हे औषध ते विष आतल्या आतच धुऊन काढतं. म्हणून तीनदा उठायचं. पोट साफ होण्यासाठी नाही, डोकं साफ राहण्यासाठी.

नवऱ्यानं विचारलं, मग तोंडाचा वास? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोही त्याचाच. दारूचा नाही. नवरा उठून व्हरांड्याच्या टोकाला गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डॉक्टरीणबाई जायला निघाल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या कोटाचं टोक धरलं. "वेड लागलं नाही ना त्यांना?"

"नाही. विष भिनलंय. उतरवता येतं. पण शुद्ध परत येणार का ते उद्या सांगेन."

तो 'उद्या' फार लांबला. आबा पडून होते आणि तिघं आळीपाळीनं त्यांच्या पोटाकडे पाहत होती. सुनेनं वहीचं कोरं पान काढून वर वेळ लिहिली. लेकीच्या शीची वाट बघण्यात तिनं चार महिने घालवले होते, पण सासऱ्याच्या शीची अशी देव पाण्यात ठेवून वाट बघेन असं तिला कुणी सांगितलं असतं, तर ती हसून लोळली असती. दुपारी पहिली झाली. नर्स सांगायला आली तेव्हा नवऱ्यानं अक्षरशः मूठ आवळून हवेत उडवली, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसानं विचारलं की मुलगा झाला का. दुसरी झाली. संध्याकाळी तिसरी. आबांनी कूस बदलली.

सकाळी ते उशीला टेकून बसले होते. डोळे खोल गेलेले, पण त्या डोळ्यांत कुणीतरी राहायला परत आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात पुढं करायला लावले, बोटं पसरून, मनगटं मागं वाकवून. सून मनातल्या मनात दहापर्यंत मोजत राहिली. सातव्याला डावा पंजा किंचित हलला. गळला नाही.

"नाव काय तुमचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आबांनी नाव सांगितलं. मग त्यांची नजर सुनेच्या कडेवर गेली. ते बघत राहिले.

"एवढी कधी झाली ही?" ते म्हणाले. "मला कुणी दाखवली कशी नाही?"

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला.

घरी आल्यावर आबांनी आधी कणग्यांपुढं फेरी मारली. पहिलीवरून हात फिरवला. तिसरीशी थांबले. बोटानं एक रेघ धरली, हरवली, दुसरी धरली, हरवली. कोणी विणली ही, असं त्यांनी विचारलं. नवरा टेम्पोचं चाक बघायला लागला. आबांनी सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"मी," ते म्हणाले. मग काठ चाचपून, "बरं झालं, काठ बांधला नाही अजून. उसवता येईल."

त्या रात्रीपासून त्यांना झोप लागायला लागली आणि सकाळपासून काम. दुसरी कमरेपर्यंत उसवली, तिसरी सगळी, चिरलेली चौथी जळणात गेली, नवं बूड घातलं. पण रीत त्यांनी सोडली नाही. विणायचं ते आतूनच. सकाळ-दुपार-संध्याकाळ औषधाचा मोठा घोट, आणि मग केव्हाही आतून काठावर टकटक व्हायची. टकटक झाली की सगळं घर हातातलं टाकून शिड्यांशी धावायचं. नवरा बाहेरची धरायचा, सासूबाई वरून हात द्यायच्या. आबा परत आले की हात पुढं करून सुनेपुढं उभे राहायचे, बोटं पसरून, शाळेत नखं दाखवतात तसे. ती दहा मोजायची आणि मान हलवायची. तेव्हा शिडी चढायची परवानगी. पाच दिवसांची कणगी सात दिवसांवर गेली. कापणी तोंडावर आली आणि तयार कणग्या झाल्या चार.

अशा दिवशी बियाणेवाला येऊन थडकला. तो तणतणतच येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा बांबू आणायला गेला होता, सून लेकीचे कपडे वाळत घालत होती, आणि आबा नेमके कणगीत नव्हते. बियाणेवाल्यानं आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा तेच नाक करून विचारलं, कारागीर कुठं गेला?

सुनेला वाटलं, सासूबाई आता सांगतील पाणी प्यायला गेलेत, देवळात गेलेत, काहीतरी. सासूबाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली.

"परसाकडं गेलेत," त्या स्पष्ट म्हणाल्या. "दुसऱ्यांदा. अजून एकदा जातील. गेले नाहीत तर विणता येत नाही त्यांना. बसा."

बियाणेवाला बसला. गडबडला होता बिचारा. सासूबाईंनी त्याला सगळं सांगितलं. यकृत, विष, गुंगी, फडफडणारा पंजा, गोड शिळा वास. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला, हात हलायला लागले, नवं शिकलेलं मूल धडा म्हणून दाखवतं तसं. बियाणेवाल्याचं नाक केव्हाच सरळ झालं होतं. तो आता जमिनीकडे बघत होता.

"आमचे थोरले बंधू," तो अखेर हळूच म्हणाला. "दोन महिने दिवसभर झोपतात. सदऱ्याची बटणं लागत नाहीत त्यांना. त्यांनाही असंच एक गोड औषध होतं. पोरं म्हणाली, जुलाब होतात, शेतावर न्यायची पंचाईत. म्हणून थांबवलं. आता सगळे म्हणतात, चोरून पितात."

सुनेच्या हातातलं ओलं दुपटं ठिबकत राहिलं.

सासूबाईंनी एवढ्या दिवसांत ही गोष्ट शेजारी-पाजारी, नात्यागोत्यात सगळ्यांना सांगितली होती, पण मधला एक तुकडा नेहमी गाळून. सुनेनंही तो कधी कुणापुढं भरला नव्हता. आता त्या पुढं सरकल्या, बियाणेवाल्याच्या अगदी समोर बसल्या.

"आमचं औषध मीच बंद केलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या कणग्या वेळेत व्हाव्या म्हणून. मी. या हातानं. तुम्ही आत्ता जा. उद्यावर टाकू नका."

बियाणेवाला उठला. चप्पल घालताना त्याचा पाय दोनदा चुकला. कोपऱ्यात उभ्या केलेल्या चार कणग्यांकडे त्यानं पाहिलंही नाही. गाडी सुरू होऊन वळणापलीकडे गेली तरी सासूबाई रस्त्याकडे बघत उभ्या होत्या.

आबा हात धुऊन, पंच्याला पुसत आले. कोण आलं होतं, त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाईक."

"बोंबलत असेल. काय म्हणाला?"

सासूबाईंनी शिडी धरली.

"सावकाश होऊ द्या म्हणाला," त्या म्हणाल्या. "चढा."